पोप आणि राजा यांच्यातील समेट कसा वाचावा

मध्ययुगीन युरोपाचा इतिहास वाचू लागलेल्या मराठी विद्यार्थ्याला पोप आणि राजे यांच्या संघर्षाची पहिली ओळख बहुधा एकाच प्रसंगातून होते. इ.स. १०७७ च्या जानेवारीत जर्मनीचा राजा चौथा हेन्री उत्तर इटलीतील कानोसाच्या किल्ल्यापाशी तीन दिवस अनवाणी उभा राहिला आणि आत मुक्कामाला असलेल्या पोप सातव्या ग्रेगरीने अखेर त्याला क्षमा केली, एवढे पाठ्यपुस्तकात असते. त्यावरून पोप जिंकला आणि राजा हरला, असे उत्तर लिहिले जाते. पुढे १०८४ साली त्याच हेन्रीने रोम घेतले, आपल्या पसंतीच्या पोपकडून सम्राटपदाचा अभिषेक करवून घेतला आणि ग्रेगरीला दुसऱ्या वर्षी सालेर्नो येथे परागंदा अवस्थेत मरण आले, हे वाचनात आले की तोच विद्यार्थी गोंधळतो. क्षमा आणि तह या दोन निरनिराळ्या गोष्टी एकाच समारंभात उरकल्या गेल्या, म्हणून आपण त्या एकच मानतो आणि तिथेच घोटाळा होतो. अशा प्रकरणाचे टिपण करताना या दोन्ही गोष्टी सुट्या कशा कराव्यात, ते पुढे सांगितले आहे. उदाहरण मुख्यतः हेन्री आणि ग्रेगरी यांचे घेतले आहे, कारण त्याची साधने भरपूर आहेत आणि चुकीचे वाचनही बहुधा त्याचेच सर्वाधिक झाले आहे.

भांडण कशाचे, हे आधी ठरवावे

पहिले काम म्हणजे वाद नेमका कशावरून पेटला, हे एका वाक्यात लिहून काढणे. ‘धर्मसत्ता विरुद्ध राजसत्ता’ असे लिहिले तर अजून काहीच लिहिलेले नाही, असे समजावे. त्या काळच्या जर्मनीत आणि उत्तर इटलीत बिशपाकडे धर्मकार्याबरोबरच जमिनी, किल्ले, जकात वसूल करण्याचे आणि नाणी पाडण्याचे हक्क असत आणि राजाने मोहीम काढली की त्याला घोडेस्वार पाठवावे लागत. बिशपाला औरस वारस नसल्यामुळे त्याच्या मृत्यूनंतर ही दौलत एखाद्या घराण्याच्या वतनात मुरत नसे, नव्या माणसाची निवड करण्याची संधी राजाला पुन्हा मिळे, म्हणून जर्मन राजे सरदारांपेक्षा बिशपांवर अधिक विसंबत. नव्या बिशपाला राजा स्वतःच्या हाताने अंगठी आणि धर्मदंड देई. अंगठी ही बिशपाच्या आपल्या चर्चशी लागलेल्या लग्नाची खूण आणि दंड ही मेंढपाळाची काठी. दोन्ही चिन्हे धार्मिक आणि देणारा हात मात्र राजाचा. अकराव्या शतकातील सुधारकांना हेच खुपू लागले, कारण नजराणा देऊन धर्मपद विकत घेण्याचा प्रकार यातूनच बोकाळतो, असे त्यांचे म्हणणे होते.

मात्र १०७६ सालचे भांडण या अंगठीवरून सुरू झाले, असे सरसकट लिहू नये. राजाने पदप्रदान करण्यावर ग्रेगरीने घातलेली निःसंदिग्ध बंदी १०७८ च्या नोव्हेंबरातील धर्मसभेत दिसते, म्हणजे कानोसानंतर. त्याआधीची ठिणगी मिलानच्या आर्चबिशपपदाची होती. रोमचा पाठिंबा एका उमेदवाराला असताना हेन्रीने १०७५ साली तेदाल्ड या आपल्या पदरच्या धर्मगुरूला तिथे नेमले, आणि पोपने धर्मबहिष्कृत केलेल्या सल्लागारांशी त्याचा संबंधही तुटला नव्हता. ८ डिसेंबर १०७५ या तारखेच्या पत्रात ग्रेगरीने राजाला आशीर्वाद दिला तो अट घालून: ख्रिस्ती राजाला शोभेल तसे तो पोपच्या गादीची आज्ञा पाळत असेल तर. पत्राच्या पहिल्याच ओळीतील ही अट वाचली की वादाची वस्तू हाती लागते. मिलान हे निमित्त आहे. राजाने पोपची आज्ञा पाळायची की नाही, हा प्रश्न आहे. पदप्रदानाचा प्रश्न पुढे मोठा झाला आणि ११२२ सालच्या तडजोडीत तोच केंद्रस्थानी आला, म्हणून तो १०७६ मध्ये मागे ढकलणे बरोबर नाही.

याच टप्प्यावर प्रत्येक पक्ष कोणती जुनी वहिवाट पुढे करतो, तेही टिपावे. हेन्रीच्या वडिलांनी, तिसऱ्या हेन्रीने, १०४६ साली सुत्री आणि रोम येथील धर्मसभांतून पोपपदाचे तीन दावेदार बाजूला सारून बांबर्गच्या बिशपाला पोप केले होते. मुलाच्या दृष्टीने हा वडिलोपार्जित अधिकार होता. सुधारकांच्या दृष्टीने तोच खरा रोग होता, आणि १०५९ साली पोप दुसऱ्या निकोलसने पोपच्या निवडीचा मुख्य अधिकार कार्डिनल बिशपांकडे दिला तो त्यावरचा उपाय म्हणून. ग्रेगरीच्या पत्रव्यवहाराच्या वहीत मार्च १०७५ च्या सुमारास सत्तावीस वाक्यांची एक यादी नोंदलेली आहे. तिच्यातील बारावे वाक्य सम्राटांना पदच्युत करण्याचा अधिकार पोपला आहे, असे सांगते. वडील पोप बदलत होते आणि आता पोप सम्राट बदलण्याची भाषा करतो, हे तीस वर्षांतले अंतर टिपणात ठळक दिसले पाहिजे.

बिशप कोणी नेमायचा, हा प्रश्न आपल्या किनाऱ्यालाही अपरिचित नाही. पोर्तुगालच्या राजाला पोपनेच दिलेल्या ‘पाद्रोआदो’च्या अधिकारामुळे गोव्याच्या बिशपाचे नाव लिस्बनहून सुचवले जाई, आणि एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या चर्चमध्ये पाद्रोआदो आणि रोमची ‘प्रोपागांडा’ ही धर्मप्रसार संस्था यांच्या अधिकारावरून दीर्घकाळ तंटे चालले, १८८६ सालच्या करारात त्यांची बरीच वाटणी झाली. तिथे राजाचा हक्क पोपच्या सनदेतून आला होता, हा मध्ययुगीन जर्मनीशी असलेला मोठा फरक तेवढा लक्षात ठेवावा.

कोणाच्या हाती काय होते

दुसरे काम दोन्ही पक्षांच्या साधनांची नोंद करण्याचे. राजाकडे सैन्य असे, आपल्या बिशपांची सभा बोलावून पोपला नाकारण्याची सोय असे आणि वेळ पडल्यास प्रतिपोप, म्हणजे आपल्या बाजूचा प्रतिस्पर्धी पोप, उभा करता येई. पोपकडे धर्मबहिष्कार असे. बहिष्कृत माणसाशी श्रद्धावंतांनी व्यवहार ठेवायचा नाही, त्याच्यासोबत जेवायचे नाही, त्याला चर्चमध्ये घ्यायचे नाही. राजाच्या बाबतीत याला आणखी एक धार येई, कारण ग्रेगरीने प्रजेला राजनिष्ठेच्या शपथेतूनही मुक्त केले, आणि शपथेवरच उभ्या असलेल्या सरंजामी राज्यात शपथ सुटली की वसुली, न्याय आणि लष्कर हे सगळेच डळमळते.

असे असले तरी बहिष्काराची शक्ती बहिष्काराच्या शब्दांत शोधू नये. हेन्रीवर तो दोनदा पडला. १०७६ मध्ये वर्षभरात त्याचे पाय लटपटले. मार्च १०८० मध्ये तोच पोप, तोच राजा आणि तेच शस्त्र असताना फारसे काही बिघडले नाही, उलट जूनमध्ये ब्रिक्सेन येथे आपल्या बाजूच्या बिशपांकडून हेन्रीने रावेन्नाच्या विबर्टला पोप म्हणून निवडवून घेतले. पहिल्या वेळी सॅक्सनीतील बंड नुकतेच दडपलेले होते आणि दक्षिण जर्मनीतील ड्यूक निमित्त शोधत होते. दुसऱ्या वेळी राजाने आपला पक्ष बांधलेला होता, आणि सरदारांनी १०७७ साली निवडलेला विरोधी राजा रूडॉल्फ त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात लढाईत उजवा हात गमावून मरण पावला. ज्या हाताने हेन्रीशी निष्ठेची शपथ घेतली तोच तुटला, असे हेन्रीच्या बाजूचे लोक सांगत फिरले. म्हणून टिपणात बहिष्काराची तारीख लिहिताना त्याच ओळीत राजाचे घरचे शत्रू लिहून ठेवावेत. ते नसतील तर बहिष्कार बराच काळ नुसता कागदावर राहतो.

बारा महिन्यांची तारीखवार मांडणी

तिसरे काम कंटाळवाणे वाटते, पण बहुतेक गैरसमज इथेच गळून पडतात. संघर्षाचा तीव्र काळ तारखेनुसार मांडावा आणि प्रत्येक तारखेसमोर त्या दिवशी कोणाला घाई होती, ते लिहावे.

२४ जानेवारी १०७६ रोजी वर्म्स येथे जर्मन बिशपांनी ग्रेगरीची आज्ञा मानण्यास नकार दिला आणि राजाने त्याला त्याच्या मूळ नावाने ‘हिल्डेब्रांड, जो आता पोप नव्हे तर ढोंगी साधू’ असे संबोधणारे पत्र धाडले. या पत्राचे दोन पाठ उपलब्ध आहेत. रोमला पाठवलेला पाठ आटोपशीर आहे. जर्मनीत फिरवलेला पाठ अधिक जहाल असून गादीवरून ‘उतर, उतर’ असा त्याचा शेवट आहे. पत्र कोणासाठी लिहिले, हे न पाहता त्यातले वाक्य उद्धृत केले की असा दुसरा पाठ पहिल्याच्या जागी येऊन बसतो. फेब्रुवारीत रोममधील लेंटच्या (ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळातील) धर्मसभेत ग्रेगरीने हेन्रीचा राज्यकारभार काढून घेतल्याचे आणि त्याला बहिष्कृत केल्याचे जाहीर केले. तो मजकूर हुकमाच्या भाषेत नसून संत पीटरला उद्देशून केलेल्या प्रार्थनेच्या रूपात आहे. ऑक्टोबरात ट्रिबूर येथे जमलेल्या सरदारांनी अट घातली की बहिष्काराला वर्ष पूर्ण होण्याच्या आत क्षमा मिळाली नाही तर ते हेन्रीला राजा मानणार नाहीत, आणि २ फेब्रुवारी १०७७ रोजी आउग्सबुर्ग येथे निवाड्यासाठी पोपला निमंत्रण दिले.

आता घाई कोणाला होती, ते पाहावे. पोप आउग्सबुर्गला पोहोचला असता तर जर्मन सरदारांच्या साक्षीने राजाचा न्याय झाला असता, आणि तिथे आरोपीच्या जागी उभे राहिलेला राजा पुन्हा राजा म्हणून बाहेर पडलाच असता, याची खात्री नव्हती. तेव्हा पोप आल्प्स ओलांडून उत्तरेला येण्याआधी आपण दक्षिणेला उतरून त्याला गाठायचे, एवढाच मार्ग हेन्रीपुढे उरला. विरोधी ड्यूकांच्या ताब्यातील घाट बंद असल्यामुळे तो पत्नी बेर्था आणि लहानगा मुलगा कोनराड यांच्यासह सासूच्या, म्हणजे तोरिनोच्या अॅडलेडच्या, मुलखातून मों सेनीची खिंड उतरला. राण्या-दासींना बैलांच्या कातड्यांवर बसवून बर्फावरून खाली ओढत नेल्याचे वर्णन हर्सफेल्डच्या लँबर्टने केले आहे. लोंबार्दीत त्याचे स्वागत झाले, कारण तिथल्या बिशपांना वाटले की राजा पोपचा बंदोबस्त करायला आला आहे. ग्रेगरीलाही बहुधा तसेच वाटले असावे. उत्तरेकडे निघालेला पोप मागे फिरून आपली पाठीराखी असलेल्या तोस्कानाच्या माटिल्डाच्या कानोसा किल्ल्यात आश्रयाला गेला. ही मांडणी डोळ्यांसमोर असली म्हणजे किल्ल्याच्या दारातील दृश्य निराळे दिसते: बाहेर उभा असलेला माणूस सैन्य गोळा करू शकत होता आणि आतला माणूस आसरा घेऊन बसला होता.

समारंभ जवळून वाचावा

चौथे काम सर्वांत महत्त्वाचे आहे आणि त्यासाठी सावकाश वाचण्याची तयारी हवी. समेटाच्या दिवसाची जी साधने आहेत ती एकेक करून वाचावीत आणि प्रत्येकासमोर तीन गोष्टी लिहाव्यात: लिहिणारा कोण, ऐकणारा कोण, आणि लिहिणाऱ्याला काय पटवून द्यायचे आहे.

कानोसाचे पहिले साधन म्हणजे खुद्द ग्रेगरीने जर्मन सरदारांना लिहिलेले पत्र. राजा तीन दिवस किल्ल्याच्या दारापाशी राजचिन्हे उतरवून, अनवाणी, लोकरीचे कपडे घालून दीनवाणा थांबला आणि रडत क्षमा मागत राहिला, असे तो सांगतो. पत्रात बर्फाचा उल्लेख नाही. तो आपण भोवतालच्या हिवाळ्यावरून जोडतो. त्यापुढचे वाक्य अधिक बोलके आहे. जवळ असलेली माणसे राजासाठी रदबदली करू लागली, पोपच्या मनाच्या कठोरपणाचे त्यांना आश्चर्य वाटले आणि काहींनी तर ही धर्मगुरूची शिस्त नसून जुलमी राजाचे क्रौर्य आहे, असे स्पष्ट बोलून दाखवले, असे पोप स्वतःबद्दल लिहितो. विजयाची बातमी देणारा माणूस स्वतःवरचा असा आरोप कशाला लिहून ठेवील? पत्र ज्यांना गेले ते सरदार आउग्सबुर्गला पोपची वाट पाहत होते. त्यांना न विचारता ग्रेगरीने त्यांच्या शत्रूला मोकळे केले होते, आणि मी सहजासहजी वाकलो नाही, मला भाग पाडले गेले, हे त्याला पटवून द्यायचे होते. पश्चात्ताप करून दाराशी आलेल्या पाप्याला धर्मगुरूने कायमचे परतवायचे नसते, ही अडचण त्याच्यापुढे होती आणि हेन्रीला ती पुरती ठाऊक होती. मध्यस्थांत माटिल्डा होती, राजाची सासू होती आणि लहानपणी बाप्तिस्म्याच्या वेळी राजाचा धर्मपिता झालेला क्लुनीचा मठाधिपती ह्यू होता. इतकी जाणती माणसे हजर असताना सगळे काही तीन दिवसांच्या अश्रूंवरच ठरले असेल, असे मानणे भाबडेपणाचे होईल.

दुसरे साधन लँबर्टचा वृत्तांत. तो मठात बसून लिहिणारा, हेन्रीचा विरोधक आणि उत्तम कथाकार आहे. राजा सकाळपासून संध्याकाळपर्यंत उपाशी उभा होता, किल्ल्याला तीन तट होते आणि त्याला दुसऱ्या तटाच्या आत घेतले गेले, हे तपशील त्याच्याकडून येतात. पोपने पवित्र भाकरीचा अर्धा भाग स्वतः खाऊन उरलेला अर्धा राजाला दिव्य म्हणून खायला सांगितला आणि राजा कचरला, ही गोष्टही त्याचीच. तिच्यावर अभ्यासक विश्वास ठेवत नाहीत. लँबर्ट टाकून देऊ नये, पण इतर कुठेही न सापडणारा आणि हेन्रीला कमीपणा आणणारा त्याचा प्रत्येक तपशील वेगळ्या खुणेने लिहावा.

तिसरे साधन २८ जानेवारी १०७७ ची शपथ, आणि ते सर्वांत रुक्ष असल्यामुळे सर्वांत कमी वाचले जाते. जर्मन सरदार आणि बिशप यांच्या तक्रारींबाबत पोप ठरवील त्या मुदतीत, त्याच्या निवाड्याप्रमाणे न्याय करीन किंवा त्याच्या सल्ल्याप्रमाणे समेट करीन, आणि पोपला आल्प्सपलीकडे जायचे असल्यास त्याच्या जीविताला व येण्याजाण्याला माझ्याकडून धोका होणार नाही, एवढेच तीत आहे. अंगठी आणि धर्मदंडाबद्दल अवाक्षर नाही. मिलानबद्दल नाही. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे राज्य परत दिले की नाही, याचा उल्लेख नाही. तरीही शपथ घेणारा स्वतःला ‘राजा हेन्री’ म्हणवतो आणि ते तसेच राहू दिले गेले.

इथे क्षमा आणि तह सुटे होतात. ग्रेगरीने १०८० साली दुसरा बहिष्कार घालताना स्पष्ट सांगितले की कानोसाला आपण हेन्रीला फक्त चर्चमध्ये परत घेतले होते, राज्यावर पुन्हा बसवले नव्हते. हेन्रीने मात्र पहिल्या दिवसापासून उलटे धरले: बहिष्कार उठला, म्हणजे शपथा पुन्हा लागू झाल्या. दोघांनाही सोयीचे होते म्हणून तो प्रश्न त्या दिवशी कोणी विचारला नाही. सरदारांनी तो सात आठवड्यांत आपल्या परीने सोडवला आणि १५ मार्च रोजी फोर्खहाइम येथे रूडॉल्फला राजा निवडले. तेव्हा कोणत्याही समेटाचे टिपण करताना एक कोरी जागा मुद्दाम ठेवावी आणि तिथे समारंभात न बोलली गेलेली बाब लिहावी. पुढचे भांडण बहुतेक वेळा तिथूनच उगवते.

कानोसाचे जे चित्र आपल्या मनात असते ते मात्र या तीन साधनांपेक्षा एकोणिसाव्या शतकाने अधिक रंगवले आहे. बिस्मार्कने १८७२ साली कॅथलिक चर्चशी चाललेल्या झगड्यात ‘आम्ही कानोसाला जाणार नाही’ अशा अर्थाचे उद्गार जर्मन संसदेत काढले आणि तेव्हापासून कानोसा म्हणजे राष्ट्राची मानहानी असे समीकरण घट्ट झाले. एखाद्या जुन्या इंग्रजी पाठ्यपुस्तकातील आवेशपूर्ण परिच्छेद उतरवून घेताना तो कोणत्या झगड्याच्या काळात लिहिला गेला, ते तपासलेले बरे.

ठरलेले आधी, दाखवलेले नंतर

ही रीत दुसऱ्या प्रकरणावर चालवून पाहायची असेल तर व्हेनिसची निवड करावी, कारण तिथे पडद्यामागची बोलणीही हाती लागतात. सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने तिसऱ्या अलेक्झांडरला सतरा वर्षे पोप मानले नव्हते आणि त्याच्याविरुद्ध एकामागून एक प्रतिपोपांना पाठिंबा दिला होता. २९ मे ११७६ रोजी लेन्यानो येथे लोंबार्दीच्या शहरांच्या संघाने त्याचा पराभव केला आणि नोव्हेंबरात अनान्यी येथे त्याच्या दूतांनी पोपशी गुप्तपणे कलमे ठरवली. यानंतर आठ महिन्यांनी समारंभ झाला. सगळी कलमे पक्की होईपर्यंत सम्राटाला व्हेनिस शहरात येऊ दिले नव्हते, तो जवळच्या किओजा येथे थांबून होता. २४ जुलै ११७७ च्या सकाळी कार्डिनलांनी लीदो बेटावर सान निकोलोच्या चर्चमध्ये त्याचा बहिष्कार उठवला, आणि त्यानंतरच तो संत मार्कच्या चर्चसमोर आला, अंगावरचा झगा बाजूला टाकून पोपच्या पायांशी आडवा झाला. पोपने डोळ्यांत पाणी आणून त्याला उठवले आणि शांतीचे चुंबन दिले. दुसऱ्या दिवशी पोप घोड्यावर चढताना सम्राटाने रिकीब धरली.

सिसिलीच्या राजाचा प्रतिनिधी म्हणून हजर असलेला सालेर्नोचा आर्चबिशप रोमुआल्ड याने हे पाहून लिहिले आहे. पोपने सम्राटाच्या मानेवर पाय ठेवला, ही प्रसिद्ध कथा त्याच्या वृत्तांतात नाही. ती नंतरच्या काळात व्हेनिसच्या अभिमानातून वाढली. आता कलमे पाहावीत. सम्राटाने अलेक्झांडरला पोप मानले. पोपने त्याला सम्राट, त्याच्या पत्नीला सम्राज्ञी आणि मुलाला राजा मानले, आणि विरुद्ध पक्षात राहिलेल्या माइन्झच्या ख्रिस्तियानसारख्या बड्या जर्मन आर्चबिशपाचे पद शाबूत राहिले. लोंबार्द शहरांशी सहा वर्षांचा आणि सिसिलीशी पंधरा वर्षांचा युद्धविराम झाला. शहरांना कायमचा तह मिळायला ११८३ साल उजाडले. पोपच्या पाठीशी उभे राहून लढलेल्या शहरांना व्हेनिसमध्ये सर्वांत कमी मिळाले, ही गोष्ट समारंभाच्या वर्णनातून कधीच कळली नसती.

कागदावरचा तह

समारंभाशिवाय केवळ कागदांवर झालेला समेट वाचायचा तर २३ सप्टेंबर ११२२ चा वर्म्सचा करार घ्यावा. त्याआधी ११११ साली पोप दुसऱ्या पास्कालने एक टोकाचा तोडगा मान्य केला होता: राजाने पदप्रदान सोडावे आणि त्याच्या बदल्यात बिशपांनी राजाकडून मिळालेल्या जमिनी व हक्क परत करावेत. फेब्रुवारीत संत पीटरच्या चर्चमध्ये तो वाचला जाताच बिशपांनीच गदारोळ केला, आणि चौथ्या हेन्रीचा मुलगा पाचवा हेन्री याने पोपला कैद करून आपल्या मनासारखे लिहून घेतले. त्या फजितीनंतर अकरा वर्षांनी जे लिहिले गेले ते मापाचे होते. सम्राटाने अंगठी आणि धर्मदंडाने पदप्रदान करणे सोडले. पोपने मान्य केले की जर्मनीत निवड राजाच्या उपस्थितीत व्हावी आणि निवडलेल्याला जमिनी व हक्क राजाने राजदंडाने द्यावेत, तेही धर्माभिषेकाआधी. बर्गंडी आणि इटलीत मात्र अभिषेकानंतर सहा महिन्यांच्या आत. क्रमातील या फरकावर डोळा ठेवावा. जर्मनीत राजाला न आवडलेला माणूस अभिषेकापर्यंत पोहोचणे कठीण होते. इटलीत अभिषेक आधीच होऊन गेलेला असे.

असे दस्तऐवज वाचताना कोणी कोणाला दिले, ते पहिल्या ओळीतच पाहावे. सम्राटाचा लेख देवाला, संत पीटर व पॉल यांना आणि चर्चला दिलेला आहे, म्हणजे देणाऱ्याच्या मृत्यूने तो संपत नाही. पोप दुसऱ्या कॅलिक्स्टसचा लेख हेन्रीला उद्देशून आहे. त्यामुळे ती सवलत त्या एका सम्राटापुरतीच होती, त्याच्या वारसांना लागू नव्हती, असा अर्थ रोमच्या पक्षाने पुढे काढला.

समेट झालाच नाही, असे वाटणारी प्रकरणेही सोडू नयेत. फ्रान्सचा राजा चौथा फिलिप आणि पोप आठवा बॉनिफेस यांचे भांडण १३०३ च्या सप्टेंबरात अनान्यी येथे पोपवर झालेल्या हल्ल्याने आणि महिन्याभरात त्याच्या मृत्यूने संपल्यासारखे दिसते, पण समेटाची कागदपत्रे पोप पाचव्या क्लेमेंटच्या काळात, १३११ मध्ये सापडतात. त्यांत राजाचा हेतू शुद्ध असल्याचे जाहीर करून बॉनिफेसचे प्रतिकूल हुकूम नोंदवहीतून खोडायला लावले आहे.

सरावासाठी इंग्लंडचा राजा जॉन घ्यावा. कँटरबरीच्या आर्चबिशपपदी स्टीफन लँगटन नको म्हणून तो पोप तिसऱ्या इनोसंटशी भांडला, मार्च १२०८ पासून देशभर धर्मविधी बंद झाले, १२०९ मध्ये तो बहिष्कृत झाला, तरी चर्चच्या जप्त केलेल्या उत्पन्नावर त्याने निवांत राज्य केले. मे १२१३ मध्ये, फ्रान्सचा राजा स्वारीच्या तयारीत आणि घरचे सरदार फितुरीच्या बेतात असताना, त्याने इंग्लंड आणि आयर्लंड पोपला अर्पण करून वर्षाला एक हजार मार्कांच्या खंडणीवर मांडलिक म्हणून परत घेतले. वर सांगितलेल्या रीतीने याची मांडणी करावी, आणि जुलै १२१३ मध्ये राजाला क्षमा मिळूनही देशावरची धर्मविधीबंदी उठायला जुलै १२१४ का उजाडले, याचे उत्तर शोधावे. ते चर्चला द्यायच्या नुकसानभरपाईच्या घासाघिशीत सापडेल. टिपणातील शेवटची नोंद २४ ऑगस्ट १२१५ ची असावी. त्या दिवशी इनोसंटने, सरदारांनी जॉनकडून दोन महिन्यांपूर्वी बळजबरीने घेतलेली मोठी सनद (मॅग्ना कार्टा) रद्दबातल ठरवली, कारण आता जॉन पोपचा मांडलिक होता.